घरी टायर बदलण्याचा संच आणि बॅलन्सिंगचा स्टँड: अर्धं घ्या, अर्धं सोडा

आधी निकाल सांगतो, मग ज्याला वाचायचंय त्यानं पुढं वाचावं. लिव्हर, म्हणजे टायर रिमवरून उचलून काढायच्या पोलादी पट्ट्या, चांगल्या आहेत, घ्या. स्टँडही, म्हणजे चाक टांगून त्याची जड बाजू शोधायचा सांगाडा, घ्या, पण आल्याआल्या वापरू नका. दोन कामं करून घेतल्याशिवाय तो खोटं बोलतो. टायरची कड रिमपासून सोडवायचा बीड ब्रेकर म्हणून डब्यात जे काही येतं ते सरळ भंगारात घालायच्या लायकीचं आहे. आणि तुमच्या गाडीला अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर असतील तर पैसे भरण्याआधी खाली पल्सरबद्दल लिहिलंय ते वाचा.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर नाहीतर डायल अशी बारीक मापाची अवजारं असतात, त्यामुळं घरी आलेली वस्तू मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. राहायला अनगोळात. गाडी जुनी क्लासिक ३५० (तिला आम्ही बुलेटच म्हणतो), तारांची चाकं, ट्यूबचे टायर, पुढं ९०/९०-१९ आणि मागं ११०/९०-१८. घरातली दुसरी गाडी पुतण्याची पल्सर १५०. दोन्ही गाड्यांवर हे सामान वापरून झालंय. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण हाच माल चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. फोटो बघितलात की लगेच ओळखाल.

संचात तीन लिव्हर, रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या टोप्या, व्हॉल्व्हची पिन काढायचा छोटा पाना आणि स्क्रूवर चालणारा बीड ब्रेकर. स्टँड वेगळा मागवावा लागतो. त्यात दोन उभे खांब, त्यांच्या डोक्यावर दोन-दोन बेअरिंग, एक शाफ्ट (दांडा), दोन कोन (चाक शाफ्टवर मधोमध धरणारे शंकूच्या आकाराचे तुकडे) आणि सोबत चिकटवायच्या वजनांच्या पट्ट्या. संच मला पंधराशेच्या आत पडला, स्टँड साडेतीन हजारांच्या आसपास.

"एवढं कशाला की दादा? दुकानात शंभर-दीडशेत होतंय की," असं खानापूरचा माझा चुलतभाऊ म्हणाला, आणि हिशेबानं बघितलं तर त्याचंच बरोबर आहे. नुसता टायर बदलायचा असेल तर आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दोन टॉमी आणि एक हातोडा घेऊन चहा निवायच्या आत काम संपवतो, आणि ट्यूब चिमटू देत नाही. त्याच्याशी स्पर्धा करायला हा संच घेतलेला नाही. बॅलन्सिंगसाठी घेतलाय. कारच्या चाकांचं बॅलन्सिंग गावात पाहिजे तिथं होतं, पण त्या मशीनवर बुलेटचं चाक बसवायला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि मी विचारलं त्या दुकानांत तो नव्हता. एका ठिकाणी तर "टू-व्हीलरला बॅलन्सिंग लागतच नाही ओ" म्हणून मला परत पाठवलं.

लागतं की नाही ते आकड्यांत बघू. ९०/९०-१९ म्हणजे टायर ९० मिमी रुंद, त्याची उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ८१ मिमी, आणि रिम १९ इंची. चाकाचा घेर साधारण दोन मीटर भरतो. गाडी ताशी ८० किलोमीटरनं चालली की चाक सेकंदाला अकरा फेरे मारतं. अशा वेळी रिमच्या एका बाजूला ३५ ग्रॅम जास्त असतील, तर ते चाकाला बाहेरच्या दिशेनं साधारण चार किलोच्या जोरानं ओढतात, आणि ती दिशा सेकंदाला अकरा वेळा फिरते. वेग निम्मा केला की जोर चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे ४० च्या वेगाला एक किलो. म्हणूनच टिळकवाडी ते कॅम्प फिरणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, आणि काकती सोडून निपाणीच्या दिशेनं हायवेवर गाडी जरा मोकळी सोडली की हँडल हाताला बारीक मुंग्या आणायला लागतं.

बुलेटवाल्यांनी आरशांवरून मात्र काही ठरवू नये. आमचे आरसे उभ्या गाडीवरसुद्धा थरथरतात. खरी परीक्षा अशी: रस्ता सरळ, मोकळा आणि मागं कुणी नाही असं बघून ८० च्या वेगात क्लच दाबा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. इंजिनाचं थरथरणं उभ्या गाडीइतकंच उरतं. त्याहून जास्त हँडलमध्ये जे जाणवतं ते चाकाचं. तेही बॅलन्सिंगचंच असेल असं नाही; रिम आउट, म्हणजे वाकडीतिकडी फिरत असेल, टायर वाकडा बसला असेल, स्टिअरिंगची बेअरिंग गेली असतील. पण निदान कुठं शोधायचं ते कळतं.

आता लिव्हर. या तीन लिव्हरसाठी मी संचाला माफ करतो. लांबी पंधरा इंचांच्या आसपास, टोक पसरट आणि योग्य तेवढंच वाकवलेलं. मी टोकावर फाईल मारून बघितली. फाईल घसरते, सहज चावत नाही, म्हणजे उष्णता-प्रक्रिया नीट झालेली आहे. मागच्या चाकाच्या कडक टायरवर पूर्ण वजन टाकूनही एकही वाकली नाही. तक्रार एकच: कडा फोर्जिंगमधून आल्या तशाच ठेवल्यात, धारदार. त्या तशाच वापरल्या तर ट्यूब कापणारच. मी ग्राइंडरवर कडा मोडून घेतल्या आणि वरून बारीक एमरी मारली. अर्ध्या तासाचं काम, पण ते कारखान्यानं करायला हवं होतं.

प्लास्टिकच्या टोप्या बिनकामाच्या. लिव्हर सरकली की टोपी निसटते आणि नेमकी टायरच्या आत जाऊन पडते. त्यापेक्षा तेलाच्या रिकाम्या कॅनचं प्लास्टिक चार बोटं रुंद कापून घ्या, भोक पाडून दोरी ओवा आणि दोरी तारेला बांधा. फुकट होतं आणि हरवत नाही.

टायर उतरवण्या-चढवण्याची रीत सांगणारा कागद डब्यात आहे, पण त्यात जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी तीच नाही. रिमच्या मध्यभागी गोल फिरणारा एक खोल चर असतो. टायरच्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. मग तेवढ्याच घेराची कड रिमच्या मोठ्या काठावरून बाहेर येते कशी? समोरच्या बाजूची कड त्या चरात दाबून धरली की अलीकडं ढिलाई मिळते, तिच्या जोरावर. सगळी विद्या एवढीच आहे. लिव्हरला फार जोर लागायला लागला की तिथंच थांबायचं. समोरची कड चरातून वर आलेली असते. गुडघ्यानं ती परत खाली दाबायची, मगच पुढची लिव्हर. एका वेळी दोन-तीन इंचच घ्यायचे. अधाशासारखा मोठा घास घेतला की ट्यूब तरी चिमटते नाहीतर रिमचा काठ तरी वाकतो.

उतरवताना सुरुवात व्हॉल्व्हजवळून, चढवताना शेवट व्हॉल्व्हजवळ. कारण व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड बुंधा चरात बसलेला असतो आणि तिथं कड खाली जायला जागा मिळत नाही. चाक जमिनीवर ठेवताना डिस्क वरच्या बाजूला आणि खाली एक जुना टायर. चाक काढलेलं असताना पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला कुणी हात लावू नये, विशेषतः घरातली पोरं. कॅलिपरचा पिस्टन बाहेर आला की वेगळंच काम लागतं. मी पॅडच्या मधे एक लाकडी चकती घालून ठेवतो.

टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, किंवा टायरची पेस्ट मिळाली तर उत्तम. तेल किंवा ग्रीस अजिबात नको. ते वाळत नाही, मग ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. त्यासाठीच व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट आवळू नये. वर नेऊन टोपीला टेकवून ठेवावा. टायर सरकायला लागला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळून, अगदी थोडी हवा मारून, जेमतेम गोल झाली की आत सारायची. तारांच्या टोकांवरची रबरी पट्टी सरकलेली नाही ना हे त्याआधी बघायचं. नवीन टायर पावसाळ्यात फार ताठ असतो. उन्हात अर्धा तास ठेवा असं सगळे सांगतात, पण आमच्याकडं जुलैमध्ये ऊन आणायचं कुठून? मी टायर न्हाणीघरात बंबाजवळ टेकवून ठेवतो. आई बोलते, पण टायर मऊ पडतो.

बीड ब्रेकरचं थोडक्यात आटपतो. पातळ पत्रा, कच्चा स्क्रू. बुलेटच्या पुढच्या चाकाला तो लागतच नाही, पायानं दाबलं तरी कड सुटते. मागच्याला लावला तर टायरची कड जागची हलली नाही, ब्रेकरचा आकडाच वाकला. त्याहून चांगला उपाय घरातच उभा असतो: दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड. चाक जमिनीवर आडवं ठेवायचं, रिमला लागून टायरच्या कडेवर लाकडाची फळी ठेवायची, तिच्यावर साइड स्टँड टेकवायचा आणि गाडी हळूहळू त्या बाजूला कलती करायची. गाडीचा भार त्या फळीवर येतो. कड कुरकुर करत सुटते. दोन माणसं लागतात, एकट्यानं करू नये.

आता स्टँड, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मोटारसायकलचं चाक अरुंद असतं, त्यामुळं कारसारखं जोरात फिरवून दोन्ही बाजूंना वेगळं वजन लावायची गरज सहसा पडत नाही. चाक मोकळं टांगायचं, जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते, तिच्या बरोबर समोर वर वजन लावायचं. मग चाक पाव फेरा फिरवून सोडायचं. जिथं सोडलं तिथंच थांबलं की झालं. सगळा खेळ त्या "मोकळं" या अटीवर आहे. गाडीच्याच ॲक्सलवर टांगून चालत नाही, कारण हबच्या बेअरिंगला सील असतं, आत ग्रीस असतं, आणि पाच-दहा ग्रॅमला ते दाद देत नाही. म्हणून स्टँडला स्वतःचा शाफ्ट आणि स्वतःची बेअरिंग.

आणि नेमकी तिथंच या मालात खोट आहे. बेअरिंग सीलबंद, ग्रीसनं गच्च भरलेली. पहिल्यांदा चाक टांगलं तेव्हा ते कुठंही सोडलं तरी तिथंच उभं राहिलं! अजाण माणूस म्हणेल, वा, चाक एकदम बॅलन्स आहे. मी रिमला दहा ग्रॅमचा तुकडा चिकटवून बघितला, तरी हललं नाही. मग चारही बेअरिंग काढली, बारीक टोचणीनं सील उचकटलं, रॉकेलऐवजी हल्ली मिळतं ते पांढरं टर्पेंटाइन वापरून ग्रीस पूर्ण धुतलं आणि शिवणमशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. सील परत बसवलेच नाहीत. बेअरिंग कायम ग्रीसमध्येच ठेवायची हे आम्हाला शिकवलेलं असतं, त्यामुळं हात जरा अडखळतो; पण इथं भार चाकाचा आणि वेग मुंगीचा, तेलाचा एक थेंब पुरतो. त्यानंतर पाच ग्रॅमचा तुकडाही चाकाला फिरवू लागला. स्टँड वापरायच्या आधी ही परीक्षा प्रत्येकानं करावी: स्थिर चाकाला बाजूला, म्हणजे घड्याळात तीन वाजतात तिथं, पाच ग्रॅम लावा. चाक हललं नाही तर तो स्टँड अजून कामाचा नाही.

दुसरी खोट कोनात. शाफ्ट मी व्ही-ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून फिरवला आणि डायल लावली. काटा पाच घरं हलला, म्हणजे ०.०५ मिमी. ऐकायला वाईट वाटतं, पण हिशेब केला तर मध्य फक्त ०.०२५ नं सरकतो. दहा किलोच्या चाकाला त्यानं रिमवर जेमतेम एक ग्रॅमची चूक येते. चालतंय. कोनांचं तसं नाही. कोनाचं भोक शाफ्टपेक्षा ०.३ मिमी मोठं निघालं, आणि कोन आवळायला बाजूनं एकच ग्रब स्क्रू. तो आवळला की कोन एका बाजूला सरकतो, निम्म्या फटीएवढा. दहा किलोचं चाक ०.१५ मिमी बाजूला गेलं की रिमवर सहा ग्रॅमची चूक. म्हणजे पाच ग्रॅमचे तुकडे मोजून लावायचे आणि स्टँडच सहा ग्रॅम खोटं सांगणार.

यावर घरगुती इलाज आहे, लेथ नसला तरी चालतो. चाकाची जड जागा खडूनं खूण करून ठेवा. कोन ढिले करा, शाफ्ट तसाच धरून फक्त चाक अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि पुन्हा जड जागा शोधा. दोन्ही वेळा खूण तिथंच आली तर खूण खरी. दुसरीकडं आली तर दोन्हीच्या मधली धरा. माझ्याजवळ सोय होती म्हणून मी कोनाचं भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, घालून घेतला, शाफ्टवर तेलाची फिल्म जाईल एवढाच सैल. आमच्या शॉपमधले टर्नर मामा तो बुश हातात घेऊन म्हणाले, "हे बेअरिंग हाऊसिंगच्या मापाला करालाय, आणि लावणार कशाला, तर टायरला?" केला मात्र झकास.

उद्यमबागेत ज्यांची ओळख आहे त्यांनी तर तयार स्टँड घ्यायचंच कारण नाही. दोन अँगलचे खांब, चार छोटी बेअरिंग, ग्राइंडिंग केलेला एक शाफ्ट आणि दोन कोन. कुठल्याही लेथवर हे होतं, आणि या बाजारातल्यापेक्षा चांगलं होतं. बाकीच्यांसाठी वर सांगितलेली दुरुस्ती करून हा स्टँड कामाचा आहे. खांब भक्कम आहेत, पायाला लेव्हल करायचे स्क्रू आहेत, रंगही बरा.

एक फायदा विक्रेत्यानं जाहिरातीत लिहिलेलाच नाही, आणि माझ्या मते बॅलन्सिंगइतकाच मोठा आहे. तारांच्या चाकाची रिम किती आउट आहे ते याच स्टँडवर दिसतं. खांबाला एक जाड तार बांधून तिचं टोक रिमच्या काठाजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये २ मिमी ही शेवटची मर्यादा दिलेली असते, कडेनं आणि उंचीनंही. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याला जाणाऱ्या गाड्यांची रिम तपासायला हवीच, त्या रस्त्यानं भल्याभल्या तारा ढिल्या केल्यात. रिम आउट असताना वजनं चिकटवणं म्हणजे ताप असलेल्याला अत्तर लावणं.

माझ्या पुढच्या चाकाचे आकडे देतो. दुकानात जसा टायर बसवून आणला होता तसंच चाक टांगलं तर ३५ ग्रॅम लागत होते. म्हणून टायर उतरवला आणि नुसती रिम टांगली. जड जागा व्हॉल्व्हपाशी असते असं सगळे गृहीत धरतात. माझ्या रिममध्ये ती व्हॉल्व्हपासून बरीच लांब, रिमच्या जोडाजवळ निघाली. काही टायरांच्या बाजूवर पिवळा ठिपका असतो, तो टायरची हलकी जागा दाखवतो. एरवी तो व्हॉल्व्हपाशी ठेवतात. मी तो रिमच्या खऱ्या जड जागेपाशी आणून टायर पुन्हा बसवला, आणि लागणारं वजन ३५ वरून १५ ग्रॅमवर आलं. नुसतं टायर फिरवून बसवल्यानं वीस ग्रॅम वाचले. टायरवरचा दिशेचा बाण बघायला विसरू नका, आणि हवा भरल्यावर रिमच्या काठालगत टायरवर एक बारीक गोल रेघ दिसते, ती सगळीकडं काठापासून सारख्या अंतरावर हवी. कुठं बुडालेली असेल तर हवा सोडून, साबण लावून परत. कड बसावी म्हणून टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या वर हवा ठासू नका.

वजनांच्या पट्ट्या ठीक आहेत. चार तुकडे पाचचे, चार दहाचे, एकूण ६० ग्रॅम. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून बघितले, पाचचे तुकडे ४.९ ते ५.१ च्या दरम्यान भरले. गोंद मात्र पावसाळ्याचा नाही. तुकडे लोखंडी आहेत, वरचा रंग निघाला की गंजतात, आणि खानापूरच्या पावसात तर विचारूच नका; चुलतभावाच्या गाडीवरचा एक तुकडा गणपतीपर्यंतही टिकला नाही. तारांच्या चाकाला जुन्या मेस्त्रींची पद्धत जास्त चांगली: सोल्डरची जाड तार काट्यावर तोलून घ्यायची आणि रिमकडच्या टोकाला गाडीच्या तारेवर घट्ट गुंडाळायची. निपलवर, म्हणजे तारेच्या रिमकडच्या नटावर, चिमटायची तयार वजनंही मिळतात. मी पट्टीच्या तुकड्यांनी जागा आणि वजन ठरवतो, आणि कायमची सोल्डर लावतो.

निकाल? वंटमुरीच्या पुढं क्लच दाबून बघितलं, हँडल शांत. मागच्या चाकाचं सांगण्यासारखं फारसं नाही. तिथं १० ग्रॅम लागले, लावले, आणि चालवताना मला तरी काही फरक कळला नाही. चेनचा ताण आणि चाकाची सरळ रेष नीट लावणं मागच्या बाजूला जास्त महत्त्वाचं.

आता पल्सर. मागचा टायर १००/९०-१७, ट्यूबलेस. अलॉय रिमला आतून एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी कड सुटू नये म्हणून. त्यामुळं बीड सोडवायलाच घाम निघतो. साइड स्टँडच्या युक्तीनं सुटली. लिव्हरनं टायर चढलाही, रिमवर एक बारीक ओरखडा आला, तो पुतण्यानं अजून मनातून काढलेला नाही. खरी अडचण पुढं. ट्यूबलेसला कड रिमला एकदम जाऊन चिकटावी लागते, त्यासाठी हवेचा मोठा लोंढा लागतो. पायपंपानं किंवा बॅटरीवरच्या छोट्या पंपानं हवा एका बाजूनं भरते, दुसऱ्या बाजूनं निघून जाते. व्हॉल्व्हची पिन काढून, टायरभोवती सामान बांधायचा पट्टा आवळून बघितलं, जमलं नाही. शेवटी चाक एका स्कूटरवर पायाजवळ ठेवून कोपऱ्यावरच्या त्याच पंक्चरवाल्याकडं.

"काय ओ, घरात टायरचं दुकान घालालाय म्हणे?" त्यानं विचारलं. कॉम्प्रेसरची नळी लावली, टक्-टक् दोन आवाज आले, कड बसली. पैसे विचारले तर म्हणाला, "गाळीचे (हवेचे) काय घ्यायचे तुमच्याकडनं." वर बॅलन्सिंगच्या स्टँडबद्दल बारीकसारीक चौकशी केली, बेअरिंग कुठली, कोन केवढा. त्याच्या दुकानात असा स्टँड आला तर माझी पुढच्या वेळची निम्मी मेहनत वाचेल, म्हणून मापं कागदावर काढून दिली आहेत.

तर, तारांची चाकं, ट्यूबचे टायर, हायवेवर फिरणं आणि हाताला थोडी हौस असेल तर तीन लिव्हर आणि स्टँड घ्या. लिव्हर सुट्या मिळत असतील तर सुट्याच, संच घेऊ नका. अलॉय असेल तर फक्त स्टँड: टायर दुकानात बसवून घ्या आणि घरी आणून तोला, अलॉयची सपाट रिम थिनरनं पुसून वर चिकटपट्टीची वजनं लावली तर बऱ्यापैकी धरतात. दिवसाला वीस किलोमीटर गावातच फिरणाऱ्यानं यातलं काहीच घेऊ नये. आणि "सोबत मोफत" म्हणून पट्ट्यांची जादा पाकिटं देतात त्यांना भुलू नका. दोन पावसाळे कपाटात राहिली की गोंद वाळतो, मग ती फक्त तोलाच्या तुकड्यांसारखी वापरता येतात.